हलके पांघरूण

मराठीत 'हलका' हा शब्द वाटतो तितका हलका नाही. वस्तू वजनाला कमी असली म्हणजे ती हलकी, आणि प्रतीला कमी असली तरी ती हलकीच. कापडाच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस गिऱ्हाइकाच्या चपलांकडे एक दृष्टी टाकून "हलक्यातले दाखवू की भारीतले?" असे विचारतो, तेव्हा त्याच्या मनात तराजू नसतो. भारी शालू, भारी पैठणी, भारी माणूस. उलट बाजूला हलकी कामे, आणि ती ज्यांच्या माथी मारली गेली त्यांच्या जातींना लावलेले तेच विशेषण. प्रत्यक्षात या 'हलक्या' कामांत उचलावे लागणारे ओझे किती जड असे, हे सांगण्याची सोय त्या विशेषणात ठेवलेली नाही. शब्दकोशात हे अर्थ क्रमांक घालून वेगळे केलेले असतात. बोलण्यात ते एकमेकांत मिसळून जातात आणि मग कोणता अर्थ कुठे चावतो ते कळत नाही.

एका वस्तूच्या बाबतीत मात्र हा सारा संकेत उलटा होतो. ती वस्तू म्हणजे प्रवासात, विशेषतः डोंगरावर, पाठीवर घेऊन जायचे पांघरूण. तेथे जे जितके हलके तितके भारी. या उलटापालटीचा विचार आम्हांला गेल्या काही आठवड्यांत करावा लागला, त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि डिसेंबरात एम. ए. च्या विद्यार्थ्यांना हरिश्चंद्रगडावर नेण्याचा आमचा परिपाठ आहे. निमित्त चांगदेवांचे. 'तत्त्वसार' हा त्यांचा ग्रंथ शके १२३४ चा, म्हणजे इ. स. १३१२ चा, आणि त्याचे नाते या गडाशी आहे. प्राचीन वाङ्मयाच्या तासाला नुसता शक सांगितला तर तो वहीत जातो आणि परीक्षेनंतर तेथेच राहतो. पाचनईच्या वाटेने चढून मंदिराच्या थंड दगडावर हात ठेवला तर थोडे अधिक टिकते, असा आमचा अनुभव आहे. मुक्काम वर गुहेत की खाली पाचनईत, हे त्या त्या वेळची परिस्थिती पाहून ठरते. म्हणून तयारी वरच्या मुक्कामाचीच करायची. त्यासाठी सूचना फलकावर एक यादी लागते: विजेरी, ताट-वाटी, दोन लिटर पाणी मावेल अशी बाटली, टोपी, हलके पांघरूण.

यंदा यादी लागल्यावर एक विद्यार्थिनी विभागात आली. "सर, मॅडम, हलके म्हणजे किती हलके?" प्रश्न भाषेचा नव्हता. तिच्या मागे उभ्या असलेल्या मुलाने मोबाईलवर एक चित्र काढून ठेवले होते: हंसाच्या पिसांची रजई, मूठभर पिशवीत मावणारी, किंमत पाच आकडी. "असले आणायचे का?" असे त्याने थट्टेने विचारले. मुलगी हसली आणि म्हणाली, "आमच्याकडे गोधड्या दोन आहेत, आणि माणसे पाच. त्यातली एक मी उचलून आणली, तर घरी काय करतील?" तेही हसतच म्हणाली. हसत सांगितलेली गोष्ट शिक्षकाने हसण्यावारी न्यायची नसते. आम्ही तिला दोन दिवसांनी सांगतो म्हटले.

त्या दोन दिवसांत आम्ही घरातली आणि मित्रांकडची पांघरुणे गोळा करून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. दुकानदाराला आमच्या विद्वत्तेविषयी आधीपासूनच शंका होती, तिला बळकटी आली. आकडे असे: घरची सहा पदरी गोधडी २ किलो ९०० ग्रॅम. घोंगडी २ किलो ४००. सोलापुरी चादर १ किलो १५०. एका सहकाऱ्याची झोपपिशवी, आत कृत्रिम धाग्यांचे भरण, १ किलो ६००. बाजारात सर्वत्र मिळणारे मऊ फ्लीसचे पांघरूण ६००. आणि गिर्यारोहण करणाऱ्या एका स्नेह्याने जपून हाती दिलेली, मोबाईलवरच्या चित्राची धाकटी बहीण शोभेल अशी पिसांची रजई: ६४० ग्रॅम. म्हणजे फ्लीस आणि पिसे वजनाने जवळजवळ सारखी, किंमतीने जमीन-अस्मान, आणि उबेनेही.

हा फरक कशामुळे पडतो ते समजून घेणे आम्हां साहित्याच्या माणसांना थोडे जड गेले, पण गोष्ट मुळात सोपी आहे. पांघरूण ऊब देत नाही. ऊब आपल्या अंगाची. पांघरूण फक्त हवा धरून ठेवते. स्थिर हवेतून उष्णता सहजी जात नाही, म्हणून जे कमीत कमी वजनात जास्तीत जास्त हवा अडवील ते सरस. पिसांचे मोजमापही यावरच चालते: एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसे मोकळी सोडली तर किती घन इंच जागा व्यापतात तो त्यांचा आकडा. आठशे आकड्याची पिसे म्हटली की मूठभर वजनाने सुमारे तेरा लिटर जागा अडवायची, म्हणजे एक चांगली कळशी भरायची. अशी पिसे दाबली की मुठीत येतात, सोडली की पुन्हा फुगतात. गोधडीचे तसे नाही. तिचे पदर धावदोऱ्याने एकमेकांशी इतके घट्ट बांधलेले असतात की हवेला जागा थोडीच उरते. तिची ऊब बरीचशी कापडाच्या जाडीची असते, म्हणून ती वजनाने मोजून द्यावी लागते. फ्लीस हवा धरते खरी, पण वाऱ्याची झुळूक तिच्यातून आरपार जाते. खोलीत तिच्यासारखी सोय नाही. कोकणकड्याकडून वारा सुटला की ती असून नसल्यासारखी.

पिसांचा वैरी मात्र पाणी. ओली झाली की ती गोळा होऊन बसतात, हवा जाते आणि उरतो तो महागडा लगदा. लोकरीचे उलट आहे. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेऊनही अंगाला गार लागत नाही. तिच्या या गुणाची किंमत पुढे वाळवताना मोजावी लागते. 'भिजत घोंगडे' हा वाक्प्रचार आपण समित्यांच्या अहवालांसाठी राखून ठेवला आहे, पण तो बनवणाऱ्याने भर श्रावणात दावणीवर टाकलेली घोंगडी पाहिलेली होती, एवढे नक्की. ती वाळत नाही, उचलवत नाही, आणि टाकून देता येत नाही. आमच्या विद्यापीठीय जगाला याहून नेमका वाक्प्रचार मिळणे कठीण.

घोंगडीपाशी जरा थांबावेसे वाटते. 'बनगरवाडी' शिकवताना हा शब्द आला की हल्ली वर्गात निम्म्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. दख्खनी मेंढीची राठ लोकर, सणगरांचा माग, विणून झाल्यावर चिंचोक्याची खळ. ती खळ बसली की घोंगडी कडक होते, नवी असताना तर अंगाला टोचते. मेंढरांमागे महिनोन्महिने चालणाऱ्या धनगराला ती का हवी, याचे उत्तर एकट्या उबेत नाही. रात्री ती अंथरूण, पहाटे पांघरूण, पावसात दुमडून डोक्यावर घेतली की खोळ, उन्हात काठीला अडकवली की सावली, आणि नुकते जन्मलेले कोकरू न्यायचे असेल तर झोळी. आधुनिक भटका तंबू, चटई, झोपपिशवी आणि रेनकोट अशा चार वस्तू पाठीवर घेतो. त्यांची बेरीज केली तर २ किलो ४०० ग्रॅम हे वजन अजिबात जड ठरत नाही. घोंगडी जड आहे असे म्हणणे म्हणजे घर जड आहे असे म्हणणे. आमच्यासारख्या एका रात्रीच्या पाहुण्यांना मात्र घराची गरज नसते, आणि म्हणून तिचे वजन आम्हांला खुपते.

उलट टोकाला पश्मिना. चांगथांगच्या पठारावरच्या शेळ्यांच्या अंगावर थंडीसाठी उगवणारी आतली लव, जाडी बारा ते सोळा मायक्रॉन. माणसाचा केस याच्या चौपट-पाचपट जाड. हातातल्या अंगठीतून ओवून काढता येणारी शाल हा त्या हलकेपणाचा प्रसिद्ध दाखला. म्हणजे हलके ते भारी, हे गणित पिसांच्या रजईने नव्याने मांडलेले नाही. बादशहाच्या खांद्यावर ते शतकांपूर्वीच सुटलेले होते. ऊब आणि वजन यांची फारकत करणे ही नेहमीच पैसेवाल्याची चैन होती. गरिबाला ऊब किलोवर घ्यावी लागे. आजच्या डोंगरी सामानाच्या दुकानात ग्रॅमागणिक किंमत चढत जाते, ती तीच परंपरा पुढे चालवत.

येथपर्यंत आलो तेव्हा आमच्यापैकी एकाला वाटले की प्रश्न संपला. ज्याच्याकडे पैसे त्याच्या पाठीवर ओझे कमी, यात नवे ते काय. दुसरीला ते मान्य नव्हते. तिचे म्हणणे, हलके होण्याची आणखी एक वाट आहे आणि ती पैशांच्या गावाहून जात नाही. तिने एमा गेटवुडचे उदाहरण दिले. अमेरिकेतल्या ॲपलेशियन पर्वतरांगेतून जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारी, दोन हजार मैलांहून लांब पायवाट या बाईंनी १९५५ साली एकटीने, एका मोसमात चालून पुरी केली. वय सदुसष्ट, अकरा मुलांची आई. पायांत कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, आत एक लष्करी कांबळे आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नाही, झोपपिशवी नाही. त्यांचे कांबळे हलके होते असे नाही; बाकीचे काही नव्हते. पुढे १९९० च्या दशकात रे जार्डिन यांनी कमी ओझ्याच्या भटकंतीचा पुरस्कार केला तेव्हा त्यांनीही झोपपिशवी सोडून साधी, तळ नसलेली रजई जवळ केली, ती घरी शिवता येते हे आवर्जून सांगत.

हे उदाहरण ऐकताना आम्हां दोघांनाही एकाच वेळी वारी आठवली, हे कबूल केले पाहिजे. दिंडीच्या ट्रकमध्ये वळकट्या टाकून चालणारे वारकरी वेगळे. पण दिंडीबाहेर आपापले चालणारी माणसे आळंदीपासून पंढरपूरपर्यंतची अडीचशे किलोमीटरांच्या आसपासची वाट एका बोचक्यावर काढतात. त्यात एक चादर, एक धोतर किंवा लुगडे, आणि प्लॅस्टिकचा कागद. रात्री हाच कागद अंगाखाली जातो. 'इरले' गेले आणि कागद आला, एवढाच काय तो तांत्रिक बदल. गाडगेबाबांना लोक 'गोधडेबाबा' म्हणत ते अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे. त्यांचे स्वतःचे अंथरूण-पांघरूण त्यात आले, आणि धर्मशाळा त्यांनी बांधल्या त्या दुसऱ्यांसाठी. 'गोधडी' हा शब्द माणसाच्या नावाला इतका सन्मानाने चिकटल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला कर्जतच्या संत गोदड महाराजांचेच सुचते.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर एक विषयांतर करतो. कांबळे, धाबळी, चवाळे, वाकळ, दुलई, पासोडी: पांघरुणांचे हे शब्द आता प्रश्नपत्रिकेत 'अर्थ लिहा' या सदरापुरते उरले आहेत. त्यांतल्या पासोडीची गोष्ट तर विलक्षण. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी 'पंचीकरण' लिहिण्यासाठी कागद न वापरता पासोडीच वापरली. सुमारे चाळीस फूट लांबीचे ते लिहिलेले कापड अंबाजोगाईत जपलेले आहे. थंडी घालवायच्या वस्तूवर पंचमहाभूतांचा विचार लिहावा, यातली संगती आम्हांला फार आवडते. विद्यार्थ्यांना तेथेही न्यायचे आहे; तेथे मुक्कामाला छप्पर मिळेल आणि पांघरुणाचा प्रश्न येणार नाही. असो.

आता मूळ प्रश्न. वजनकाट्यावर न येणारी, पण सगळ्यांत उपयोगाची गोष्ट आम्हांला जार्डिन यांच्या त्या तळ नसलेल्या रजईने शिकवली. झोपपिशवीचा जो भाग अंगाखाली येतो तो अंगाच्या भाराने दबतो. दबला की त्यातली हवा जाते, आणि हवा गेली की तो भाग नुसता कापड म्हणून उरतो. पाच आकडी रजई घेऊन थेट दगडावर निजलेला माणूस रात्रभर कुडकुडेल, आणि खाली जाडसर काही असलेला माणूस साध्या चादरीत निभावून नेईल. गुहेचा दगड अंगातली उष्णता सावकाराच्या शांतपणे ओढून घेतो. थंडी वरून येते ही आपली समजूत. डोंगरावर ती बरीचशी खालून येते. आपल्या जुन्या माणसांनी 'अंथरूण-पांघरूण' या जोडशब्दात अंथरूण आधी ठेवले, त्यामागे कोणी भौतिकशास्त्र नव्हते, पण पाठीचा अनुभव असावा.

मग असे ठरले की खालची सोय विभागाने करायची. फोमच्या गुंडाळता येणाऱ्या चटया दाबल्या जात नाहीत, भिजत नाहीत, वजनाला काही शे ग्रॅम असतात आणि किंमतीलाही बेताच्या. सर्वांना सारख्या, एकाच रंगाच्या. येथे आमचे एकमत लवकर झाले. वाद झाला तो वरच्या पांघरुणावरून. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी दहा झोपपिशव्या विभागानेच घेऊन ठेवाव्यात, अशी पहिली सूचना. ऐकायला उदार, पण मग रात्री गुहेत कोणाच्या अंगावर विभागाची पिशवी आणि कोणाच्या अंगावर घरची दुलई, हे विजेरीच्या उजेडात सर्वांना वाचता येणार. शिष्यवृत्तीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलांना ओळखण्याची नजर महाविद्यालयात आधीच पुरेशी तयार असते. तिला आणखी एक खूण कशाला द्यायची?

दुसरी सूचना, दोघांत एक पांघरूण. दोन माणसे एका रुंद गोधडीत निजली की माणशी वजन निम्मे होते, आणि दोन अंगांची ऊब एकत्र येते ती वेगळीच. हलके पांघरूण करण्याचा याहून स्वस्त उपाय जगात नाही. आणि याहून अवघडही नाही. पंगतीत शेजारी बसणे आता बहुतेकांना जमते. एका पांघरुणात निजणे हे त्याच्या पुढचे पाऊल आहे. आमच्या वर्गात कोण कोणाशेजारी बसते आणि का, हे आम्ही चौदा-पंधरा वर्षे पाहत आहोत. जोड्या ज्यांच्या त्यांच्यावर सोपवल्या तर त्या कशा लागतील ते आम्हांला आज लिहून देता येईल. म्हणून मुलींच्या आणि मुलांच्या स्वतंत्र जोड्या, पण हजेरीपटाच्या क्रमाने, असे आम्ही फलकावर लावले. एका पालकांचा फोन आला. मुलाला सर्दीचा त्रास आहे, त्याला त्याचे वेगळे पांघरूण आणू द्यावे, अशी विनंती. सर्दी खरी असेलही. आम्ही हो म्हटले, आणि मग त्या मुलाच्या जोडीदाराला काय सांगायचे यावर संध्याकाळभर बोलत बसलो. शेवटी त्याच्यासाठी आमच्यातली एक जोडी वाढवली, म्हणजे तो सरांच्या गोधडीत.

आता यादीत असे लिहिले आहे: पांघरूण, दोघांत मिळून, घरी असेल ते, तीन किलोंपर्यंत, विकत आणू नये. ज्या जोडीत दोघांकडेही नाही त्यांनी मंगळवारपर्यंत विभागात सांगावे, असे लिहावे की नाही यावर अजून एकमत नाही. चांदीच्या वर्खासारखे दिसणारे, पन्नास-साठ ग्रॅमांचे तातडीचे पांघरूण मात्र दोन घेतले आहेत. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या अवकाश संशोधनातून आलेली ही वस्तू. अंगाची उष्णता परतवते, वारा अडवते आणि प्रत्येक कुशीला फरसाणाच्या पुडीसारखी वाजते. कोणी आजारी पडले तरच काढायची.

उरला प्रश्न आमचा. सर आपली गोधडी घेऊन जाणार, ती २ किलो ९०० ग्रॅमांची, आणि पाठ पन्नाशीकडे झुकलेली. पिसांची रजई स्नेह्याला परत केली. ती घेण्याची ऐपत ओढूनताणून निघाली असती, पण मग फलकावर आम्हीच लिहिलेली ओळ आम्हांला वाचवली नसती. ही गोधडी आईंनी शिवलेली, आमच्यापैकी एकाच्या आई आणि दुसरीच्या सासूबाई. सहा पदरांतले दोन त्यांच्या आईच्या लुगड्यांचे. ती उसवून चार पदरांची करा, असे त्यांना सांगायला आम्ही दोघे जवळजवळ आठवडाभर एकमेकांना पुढे करत होतो. सांगितल्यावर त्यांनी गोधडी उलटीपालटी करून पाहिली आणि चष्मा पुसला. "उसवायची नाही. नवी शिवते. दोन पातळे काढून ठेवली आहेत, सुती, मऊ झालेली. रुंद करू?"

"रुंदच करा," आम्ही म्हटले. "दोघे निजणार आहेत. पण लांबी थोडी कमी केली तरी चालेल. वजनासाठी."

आईंनी टेप घेऊन जमिनीवर पातळ पसरले आणि खडूने एक रेघ ओढली. "एवढी?" मग आमच्याकडे वर पाहिले. "त्या पोराची उंची किती आहे, ते विचारून या आधी."